विधान सौध म्हणे वाडियारांचा राजवाडा!

बेंगळुरूच्या विधान सौधाचा, म्हणजे कर्नाटकच्या विधानभवनाचा फोटो लावलेला एक फॉरवर्ड परत फिरतोय. म्हणे हा वाडियारांचा, म्हणजे म्हैसूरच्या राजघराण्याचा तीनशे वर्षं जुना राजवाडा, शुद्ध द्रविड मंदिरशैली, स्वातंत्र्यानंतर सरकारला आयता मिळाला, आणि शेवटी ठरलेला टोमणा, 'आजच्या सरकारी इंजिनिअरला असं जमेल का?' चार दावे, चारही चुकीचे.

आधी वय बघू. पायाभरणी नेहरूंच्या हस्ते १३ जुलै १९५१ ला झाली, इमारत १९५६ मध्ये पूर्ण. तारखा पटत नसतील तर तोच फोटो झूम करा की राव, मधल्या घुमटावर अशोकस्तंभाचे सिंह बसलेत, आणि ते राजचिन्ह आपण घेतलंच १९५० मध्ये! शिवाय दर्शनी भागावर कोरलंय, 'सरकारी काम हे देवाचं काम'. कुठला राजा स्वतःच्या घरावर हे लिहून घेईल?

आयतं तर अजिबात नाही. आधीचा आराखडा साधा दुमजली होता, मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांनी तो बदलून एवढा भव्य केला, खर्च पावणेदोन कोटींच्या आसपास गेला आणि त्यावरून त्यांना बोलणीही खावी लागली. मजुरांमध्ये तुरुंगातले कैदीसुद्धा होते, हे मात्र फॉरवर्डवाल्यांना कधी सापडत नाही.

'शुद्ध द्रविड' म्हणाल तर खांब, कोरीवकाम दाक्षिणात्य आहे, मान्य, पण एवढे घुमट कुठल्या द्रविड देवळावर बघितलेत? मिश्रण आहे ते, आणि मिश्रण असूनही देखणं आहे, त्यात कमीपणा कसला.

आता खरी गंमत. वाडियारांचा बेंगळुरूतला खरा राजवाडा वसंतनगरला आहे आणि तो दिसतो इंग्लंडातल्या जुन्या गढीसारखा, ट्यूडर शैलीचा. म्हैसूरच्या आत्ताच्या राजवाड्याचा आराखडाही हेन्री आयर्विन या ब्रिटिश वास्तुविशारदाचाच. म्हणजे राजांचे वाडे साहेबी वळणाचे, आणि ज्याला लोक राजवाडा समजतात तो मुख्य अभियंते बी. आर. माणिकम यांच्या हाताखाली सरकारी बांधकाम खात्याने उभारलेला.

थोडक्यात, ज्याला टोमणा मारलाय त्या सरकारी इंजिनिअरनेच ते बांधलंय. आणि पुढेही तीच धाटणी चालू राहिली, शेजारचं विकास सौध २००५ चं, आपल्या बेळगावातलं सुवर्ण विधान सौध २०१२ चं. बेळगावच्या त्या इमारतीवर आपल्या लोकांचा राग आहे तो वेगळ्या कारणासाठी, तो वाद इथे नको.