हाउंड डॉग टेलरचं सहावं बोट
सध्या एक पोस्ट फिरतीये की शिकागोचा ब्लूज गिटारवाला हाउंड डॉग टेलर, त्याच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटं होती म्हणून तो इतकी भारी स्लाइड गिटार (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवतात ती) वाजवायचा. बोटं सहा होती हे खरंय, पण ते सहावं म्हणजे नुसता कोंब, हलायचंसुद्धा नाही, त्याने काय डोंबल वाजवणार! उजव्या हाताचं तर त्याने एका रात्री दारूच्या नशेत ब्लेडने कापूनच टाकलं म्हणतात. खरी गंमत ती स्वस्तातली जपानी गिटार, फाटक्या आवाजाचा अँप्लिफायर आणि बोटातली स्टीलची नळी. आणि त्या पोस्टमध्ये 'बेसवाला भारी होता' असंही लिहिलंय, अहो त्याच्या हाउसरॉकर्स बँडमध्ये बेस गिटार नव्हतीच, ब्रूअर फिलिप्स दुसऱ्या गिटारवर खालचे सूर धरायचा आणि ड्रमवर टेड हार्वी, तिघंच. १९७१ मध्ये ह्यांचीच रेकॉर्ड काढायला ब्रूस इग्लॉअरने अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स ही कंपनी सुरू केली.