लेखन मंडळ की भिशी?

परवाच्या रविवारी माझं डोकंच फिरलं. आमच्या ज्येष्ठांच्या लेखन मंडळाची वेळ चार ते सहा, आणि पहिली ओळ वाचली गेली पाच वीसला! तोवर नुसतं खाणं. धपाट्यात लसूण जास्त झाला का, शेंगापोळीत गूळ कमी पडला का, यावर अर्धा अर्धा तास. निम्म्यांना शुगर, पण 'गोळी घेतलीय, एक चालते' म्हणत तिसरी पोळी.

मी तीन आठवडे आईवर लिहीत होते. विड्या वळून आम्हा चौघांना शिकवलं तिनं. वाचायला उभी राहिले, आवाज जरा कापत होता, आणि शेवटच्या परिच्छेदाला मागून कडाड्! कडक भाकरी मोडली. पाठोपाठ कुडुम कुडुम. अहो, ती भाकरी महिनाभर टिकते की ओ, माझी आई जाते त्याच ओळीला मोडायची होती?

मग कागद हातोहात फिरला. आपली शेंगाचटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, ते तेल कुठं जाणार? अंगठ्याएवढा लाल डाग, नेमका आईच्या नावावर. शाई पसरली. एकजण म्हणाले, "झणझणीत आहे हो!" क्षणभर वाटलं, लेखनाबद्दल बोलतायत. हात चटणीच्या डब्यात होता.

आणि खाणं आणायच्या पाळ्या! बायकांची पाळी आली की पहाटेपासून भाकऱ्या थापा, डबे भरा, रिक्षात सांभाळत आणा. पुरुषांची आली की बेकरीची खारी, नाहीतर "आमच्या हिला सांगतो थालीपिठं लावायला." ती बिचारी मंडळात नाहीसुद्धा! खाऊन झालं की यांच्या कविता सुरू, आणि आम्ही मोरीपाशी ताटल्या विसळतोय. सोलापुरात नळाला पाणी काय रोज येतं का? बादलीभर पाण्यात वीस ताटल्या. कविता ऐकायची कधी, दाद द्यायची कधी? वर पुन्हा विचारतात, "ताई, तुम्ही हल्ली अभिप्राय देत नाही."

पुढच्या रविवारी माझी पाळी. काल रात्री ग्रुपवर स्पष्ट लिहिलं: मी काहीही आणणार नाही, फक्त कथा आणणार.

दोन मिनिटांत उत्तर आलं, "काही हरकत नाही ताई. चटणी तेवढी आणा."