ट्रकला धुराडं बसवताय? अभिनंदन, मालक!

मालक, तुमचं दुःख मला कळतं. तीस-चाळीस लाखाची बाराचाकी घेतली, बंपरला लिंबू-मिरची, आरशाला काळे गोंडे, काचेवर रेडियमने आईवडिलांची कृपा, आणि एवढं सगळं करून टोलनाक्यावर उभं राहिलं की शेजारचा कारवाला मान वर करून बघतसुद्धा नाही, कारण कंपनीने गाडीला आवाजच दिलेला नाही. हे काही बरोबर नाही. तेव्हा सायलेन्सर कापायलाच पाहिजे, आणि लवकर कापा, हप्ते संपायची वाट कशाला बघायची.

आता पॅटर्न कुठला, तर मोबाईलवर ते अमेरिकेतले ट्रक बघितले असतीलच, लांब नाक, केबिनच्या मागे दोन्ही बाजूला चकचकीत धुराडी, आभाळाकडे तोंड करून. बस्स, तसंच. फक्त एक बारीक फरक आहे, तिकडे मागे बंद डब्याचा ट्रेलर असतो आणि आपल्याकडे केबिनला चिकटून हौदा, हौद्यावर ताडपत्री, आणि सीझनला त्याखाली कडबा नाहीतर कापूस. तापलेला पाईप आणि वाळका कडबा शेजारी शेजारी बसवायला डोकं लागतं, ते सगळ्यांकडे नसतं.

मिस्त्री निवडताना दुकानाची पाटी बघू नका, आत्मविश्वास बघा. चांगला मिस्त्री गाडीखाली वाकायच्या आधीच सांगतो, "मालक, हिचा श्वास कोंडलाय." मग सांगणार की धूर मोकळा झाला की पिकअप वाढतो, ॲव्हरेज लिटरला एक किलोमीटरने तरी वाढतं. लोड गाडी साडेतीन देते, म्हणजे साडेचार देणार, म्हणजे कंपनीतले सगळे इंजिनिअर इतकी वर्षं झोपा काढत होते. डिझेल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, पाईप नाही, असले मुद्दे काढून त्याचा मूड घालवू नका. आणि आवाजाचं म्हणाल तर धुराचा बराच जोर टर्बो, म्हणजे धुरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, आधीच खाऊन बसलेला असतो, त्यामुळे मागून वाघाची डरकाळी येईल असं वाटत असतं आणि येतो तो गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा आवाज, पण मोठा येतो हे नक्की.

गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६, धुराच्या कडक नियमातली, असेल तर खरी मजा. त्यात नुसती नळी आणि डबा नसतो, आत धूर साफ करणारी जाळी, काजळी धरणारा फिल्टर, मग युरियाचा फवारा, आणि जागोजागी सेन्सर. फिल्टरमध्ये साठलेली काजळी गाडी स्वतःच सहाशे डिग्रीच्या आसपास तापवून जाळून टाकते. युरिया म्हणजे आपण शेतात टाकतो ते पोतं नव्हे, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, त्याने धुरातल्या विषारी वायूचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. एवढी अख्खी केमिस्ट्रीची लॅब चेसिसला लटकवून फिरायचं म्हणजे वजनच की हो. काढून टाका! मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल, मग दुसरा लागेल, मग कॉम्प्युटर रुसून इंजिनची ताकदच तोडेल, आणि भरलेली गाडी घेऊन तुम्ही कसारा घाटात असाल तेव्हा मागचा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत पुढे निघून जाईल. घाबरायचं नाही. मिस्त्रीकडे त्यावर एक डबी आहे, ती कॉम्प्युटरला सांगत बसते की सगळं ठीक आहे. ह्या डबीचे पैसे वेगळे.

पाईप कापताना मध्ये एक पाकळी सापडेल, उघडझाप करणारी. मिस्त्री म्हणेल ही अडवते धुराला. बरोबरच आहे, अडवायलाच बसवलीय ती, तिलाच एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात, उतारावर ती बंद झाली की धूर कोंडतो आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं, चाकांचे ब्रेक थंड राहतात. ती पण द्या काढून. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना पंचवीस टन माल मागून ढकलत असेल, ब्रेकचे लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये येत असेल, तेव्हा निदान पुढच्या लोकांना लांबूनच ऐकू जाईल की तुम्ही येताय. (हे लिहिताना मला हसू येत नाहीये, पण लेख उपरोधिक लिहायला घेतलाय त्याला काय करणार.)

पावसाचं विसरू नका. वर तोंड असलेल्या पाईपात पाणी जातं ही गोष्ट आमच्या मामेभावाला जूनमध्ये कळली. कराडजवळ ढाब्यावर रात्री गाडी लावली, पाऊस सुरू झाला, तर क्लीनरने हुशारी करून तेलाचा रिकामा डबा धुराड्यावर पालथा घातला. हुशारीच होती, पण सकाळी काढायचं कोणाच्या लक्षात? स्टार्टर मारला, रेस दिली, डबा उडाला तो केबिनच्या टपावर, तिथून पानटपरीच्या पत्र्यावर, आणि टपरीवाला चुन्याची डबी हातात घेऊन तसाच बाहेर आला. मामेभावाचं म्हणणं, "बघ, प्रेशर किती वाढलंय!"

कायद्याचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल करायचा नाही, केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे, म्हणजे धुराडं एक, जाळी दोन, पाकळी तीन, हिशोब तुम्हीच करा. आवाज-धुराचं कलम वेगळं, १९०, त्यात पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स गेलं. लायसन्स ड्रायव्हरचं जाणार, हौस तुमची. बुलेटवाल्या पोरांचे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात ते फोटो बघितलेत ना, तुमच्यासाठी जरा मोठा रोलर मागवावा लागेल, मान आहे तो.

राहता राहिलं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. नवीन गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. तिथे ओरिजिनल डबा दिसावा लागतो. आता आठवा, फिटिंगच्या दिवशी मिस्त्री म्हणाला होता, "जुना माल राहू दे इथेच, भंगार आहे, तुम्ही कुठे ओझं नेता." आणि तुम्ही वर चहाचे पैसे देऊन आलात. त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम असतं मालक, भंगारवाला ती किलोवर नाही विचारत. तर पासिंगच्या आदल्या दिवशी पुन्हा मिस्त्रीकडे जायचं, तो मागच्या शेडमधून एक डबा ओढत आणेल, दोन दिवसांचं भाडं आणि फिटिंग वेगळं सांगेल. मामेभावाने पण असाच भाड्याने आणला. वाजवून बघितला तर आतून पोकळ. आणि कडेला, काजळीखाली, त्याच्याच बायकोने गाडी घेतली त्या दिवशी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक.