लोकल अडवण्यासाठी लागणारं साहित्य

मोर्चा, झेंडे, रेल रोको हे सगळं आता जुनं झालं. लोकल अडवायला घरातल्याच वस्तू पुरतात, थोडा सराव मात्र हवा.

पहिला मान पाठीवरच्या बॅगेचा. एका माणसाची जागा खाईल एवढी तरी ती हवीच. आत लॅपटॉप, डबा, छत्री, बदलायचे बूट. बाजूच्या खिशात स्टीलची बाटली. साध्या लोकलचं दार बंदच होत नाही, तिथे कला वाया जाते. एसी लोकल धरा. तिचं एक दार जरी उघडं राहिलं तरी गाडी हलत नाही. गेल्या मंगळवारी ठाण्याला एका कलाकाराने करून दाखवलं. स्वतः आत, बॅग बाहेर. दार सरकत आलं, बाटलीला अडलं. गार्डने उघडून पुन्हा लावलं, पुन्हा बाटली. अख्खा डबा ओरडतोय, "ओ दादा, बॅग पुढे घ्या!" आणि दादा कानातला इअरबड काढून मागे वळून बघतोय, की बॅग कोणाची! त्या वळण्यात माझा चष्मा उडाला. तिसऱ्यांदा दार अडलं. मागे कल्याणकडून येणारी फास्ट सिग्नलला उभी, तिच्यामागे आणखी एक. शेवटी गाडी सुटली, तर हाच दादा फोनवर, "अरे रेल्वेचं काही खरं नाही, रोजचीच रड आहे." माझा महिन्यातला तिसरा लेट मार्क, म्हणजे अर्धा दिवस गेला. साहेबांना काय सांगू, बाटली आडवी आली?

असो. बाकीचं साहित्य बघू.

पतंग रुळांशेजारीच उडवा. ओव्हरहेड वायरला अडकला तर बांबू घेऊन स्वतः काढायला जा. वर 25,000 व्होल्ट आहेत, दुसरा पतंग घ्यावा लागणार नाही.

फोन दारातून पडला की साखळी ओढा. कोणीतरी त्या डब्यापर्यंत चालत येऊन ती पूर्ववत करेपर्यंत गाडी तुमचीच. कायद्यात हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद आहे म्हणे. फोनच्या मानाने दंड स्वस्तच.

वेफर्सचं रिकामं पाकीट खिडकीतून सोडा. जुलैत शीव-कुर्ल्याला पाणी भरलं की नालेसफाईवर बोलायला मोकळे.

आणि भाईंदरची खाडी आली की निर्माल्याची पिशवी कपाळाला लावून दारातून भिरकवा. नारळासकट.

नाही, इथे मला विनोद सुचत नाही. 2025 च्या सप्टेंबरात नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावरून पाणजू बेटावरचा एक तरुण चालत जात होता. धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ त्याच्या डोक्यात बसला आणि तो गेला. फेकणारा पुण्य कमावल्याच्या आनंदात पुढच्या स्टेशनला उतरलाही असेल. लाज वाटते का रे? निर्माल्य घरच्या कुंडीत टाकता येत नाही? खाडी काय तुमच्या देव्हाऱ्याची मोरी आहे?

आणि तू, मंगळवारचा. खांद्यावरून पट्टे काढायला किती वेळ लागतो? तीनदा दार आपटेपर्यंत ढिम्म उभा होतास. वर रॅक आहे, मान वर करून बघ जरा. नसेल जागा, तर धर पुढे पोटाशी. आणि फोन करून रेल्वेला शिव्या घालू नकोस, निदान त्याच गाडीत उभं राहून तरी.