अल्काथाबा, कसबा आणि मामाची कौलं

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा इथे स्पेनमधल्या मालागात माझा फोन शांत बसत नव्हता. शाळेच्या ग्रुपवर भगवे झेंडे, रायगडाचे फोटो, जुन्या ट्रेकच्या आठवणी. आनंद पोटात मावेना म्हणून जिन्यात भेटलेल्या शेजारणीलाही मी नकाशा उघडून साल्हेरपासून जिंजीपर्यंत एकेक किल्ला दाखवला. पन्हाळ्यापाशी बोट जरा जास्तच रेंगाळलं. माझं माहेर कोल्हापूरचं, कसबा बावड्याचं, आणि आजोळ पन्हाळा.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. मामाचं घर गडाच्या आत आहे. तो म्हणाला, “तुमचं तिकडं कौतिक चाललंय ते बरंच हाय गं. पण मला एक सांग. तिथं किल्ल्यात कुणाचं घर असलं, तर कौलं बदलायला कुणाला विचारायला लागतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. नऊ वर्षं मी या शहरात राहते, घरापासून वीस मिनिटांवर हजार वर्षांचा किल्ला आहे, आणि तिथे कुणी राहत होतं का, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. रविवारी दुपारी दोननंतर तिथे तिकीट लागत नाही. त्या रविवारी मी पुन्हा एकदा गेले.

किल्ल्याचं नाव अल्काथाबा. अरबी ‘अल्-कसबा’वरून आलेलं, म्हणजे आमच्या कसबा बावड्यातला आणि पुण्याच्या कसबा पेठेतला ‘कसबा’ तोच हा शब्द. अकराव्या शतकात ग्रानादाचा राजा बादीस याने तो आज दिसतो त्या रूपाला आणला. वरच्या टेकडीवरचा हिब्राल्फारोचा कोट चौदाव्या शतकातला, आणि दोन्हींना जोडणारी दुहेरी तटबंदी उतारावरून खाली येते. पहिला दरवाजा, वळण, दुसरा दरवाजा, पुन्हा वळण. पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यातून लहानपणी शंभरदा गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, शत्रूला सरळ धावत येता येऊ नये म्हणून केलेली ही रचना पाय आपोआप ओळखतात. वर गेलं की मात्र सगळं पालटतं. संत्र्याची झाडं, चिखलविटांच्या भिंती, जमिनीतून वाहणारे हातभर रुंदीचे पाण्याचे पाट, आणि खाली बंदर.

वाटेत एक दरवाजा आहे, खांबांचा दरवाजा म्हणतात त्याला. त्याच्या कमानीला आधार दिलाय तो संगमरवरी रोमन खांबांनी. ते आले कुठून? किल्ल्याच्या पायथ्याशी सम्राट ऑगस्टसच्या काळातलं रोमन नाट्यगृह आहे. तिसऱ्या शतकात ते वापरातून गेलं, आणि पुढे किल्ला बांधणाऱ्यांना तिथे आयता घडवलेला दगड मिळाला. एकाच उतारावर रोमन प्रेक्षागृह आणि त्याच्याच खांबांवर उभी अरबी कमान. मला हे फार आवडतं. पन्हाळाही असाच आहे ना. शिलाहार भोज राजाचा, मग यादवांचा, बहमनींचा, आदिलशाहीचा, आणि मग आपला.

त्या नाट्यगृहाची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. किल्ल्याच्या खालच्या रस्त्यावर १९४० च्या सुमारास सरकारने ‘कासा दे ला कुल्तुरा’, म्हणजे संस्कृती भवन, बांधलं. १९५१ मध्ये त्याच्या दारापुढे बाग करायला खणायला घेतलं, तर दगडी पायऱ्या लागल्या. नाट्यगृह इमारतीच्या खालीच होतं. आता करायचं काय? इमारत सरकारी, नवीकोरी, ग्रंथालय आणि कागदपत्रांचं दफ्तर असलेली. वाद वर्षानुवर्षं चालले. शेवटी १९९५ मध्ये संस्कृती भवन पाडलं. जे बांधलं ते चुकीच्या जागी बांधलं, हे कबूल करायला चव्वेचाळीस वर्षं लागली, पण कबूल केलं. २०११ मध्ये दुरुस्त झालेल्या नाट्यगृहात पुन्हा नाटक झालं.

आज संध्याकाळी त्या रस्त्यावर बसलं की आजीआजोबा, शाळेतली पोरं, गिटार वाजवणारे, सगळे नाट्यगृहाकडे तोंड करून बसलेले असतात. आत जायला पैसे नाहीत आणि रस्त्यावरूनही सगळं दिसतं. नाट्यगृह बंद पडल्यावर तिथे मासे मिठात मुरवून सॉस करण्याचा कारखाना होता. त्याचे हौद रस्त्यातल्या काचेच्या पिरॅमिडखाली दिसतात. मी गुडघ्यावर बसून पाहिले. चौकोनी, आतून गुळगुळीत गिलावा केलेले, कोकणातल्या एखाद्या घराच्या मागच्या दारच्या टाकीएवढे. कुणी म्हटलं असतं, नाट्यगृहाची शोभा जाते, हौद बुजवा, तर काहींना पटलंही असतं. नाही बुजवले.

पाहुणे आले की मी त्यांना आधी इथे आणते, पिकासोच्या संग्रहालयात नंतर. पिकासो इथलाच, २५ ऑक्टोबर १८८१ चा जन्म, घर प्लाथा दे ला मेर्थेद चौकात. २००३ मध्ये उघडलेलं त्याचं संग्रहालय बघावंच, पण त्याच्या तळघरात उतरायला विसरू नये. तिथे फिनिशियन काळातल्या तटाचे अवशेष आहेत. कॅथेड्रलला एकच बुरूज आहे, दुसरा १७८२ मध्ये काम थांबलं ते अर्धाच राहिला. गावकरी तिला प्रेमाने ‘ला मांकिता’, एका हाताची बाई, म्हणतात. तो बुरूज पुरा करावा की नाही, यावर इथे अजून वाद होतो. माझं मत विचाराल तर राहू द्यावा.

आता मामाच्या प्रश्नाकडे येते.

अल्काथाबाचा लष्करी उपयोग संपल्यावर आत गरिबांनी घरं बांधली. तटाला टेकून, बुरुजांच्या पोटात, जागा मिळेल तिथे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शहरातल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी एक होती. १९३३ नंतर जीर्णोद्धार सुरू झाला. त्यामागे हुआन तेम्बौरी नावाचा इथलाच एक अभ्यासू माणूस होता, आणि त्याने केलं ते काम मोठंच होतं. घरं काढल्यावर खालून राजवाडा उघडा पडला. आज ज्या अंगणात मी पाण्याचा आवाज ऐकत बसते, ते त्याच कामामुळे. वरचा काही भाग तर तेव्हा नव्याने रचलेला आहे. पण ती माणसं कुठे गेली, याची एक ओळही मला किल्ल्याच्या कुठल्या फलकावर सापडली नाही. खांब कुठून आले ते लिहिलंय, माणसं कुठे गेली ते नाही.

आपल्याकडे गडांवर वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंचे लोक युरोपाकडे बोट दाखवतात. एक बाजू म्हणते, तिकडे किल्ले बघा कसे स्वच्छ आणि मोकळे, गडावरची वस्ती हलवा. दुसरी म्हणते, तिकडे पर्यटनावर शहरं चालतात, रोपवे करा, रोषणाई करा, हॉटेलं येऊ द्या. दोघांनाही माझं सांगणं आहे की इथे येऊन थोडे दिवस राहा.

मोकळ्या किल्ल्याची किंमत कुणी मोजली, ते वर सांगितलं. पर्यटनाचं सांगते. सहा लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहराच्या विमानतळावरून २०२४ मध्ये जवळपास अडीच कोटी प्रवाशांची ये-जा झाली. शहर सुंदर झालंय यात शंका नाही. मुख्य रस्ते गाड्यांपासून मोकळे केले, जुन्या कस्टम हाऊसमधल्या सरकारी कचेऱ्या हटवून तिथे शहराचं संग्रहालय व्हावं म्हणून लोक १९९७ मध्ये रस्त्यावर उतरले होते, ते २०१६ मध्ये उघडलं. ज्यांनी हे मागितलं आणि मिळवलं, त्यांच्यातल्या कितीजणांना आता त्या भागात राहायला परवडत नाही. मी भाड्याने राहायला आले तेव्हा जुन्या गावात आमच्या जिन्यात सहा घरं होती, पाचांत इथलीच माणसं. खालच्या मजल्यावरची आजी मला दर गुरुवारी बाजारात घेऊन जायची, अतारासानासच्या मंडईत, जिच्या दाराची संगमरवरी कमान चौदाव्या शतकातल्या जहाजगोदीची आहे. कुठला मासा कधी घ्यायचा ते मी तिच्याकडून शिकले. चार वर्षांपूर्वी घरमालकाने तिचा करार वाढवला नाही. आता तिचं घर पर्यटकांना चार-दोन दिवसांच्या भाड्याने देतात, दाराशेजारी किल्ली ठेवायची आकड्यांची छोटी पेटी लावलेली आहे, आणि पहाटे चाकांच्या बॅगा फरशीवरून खडखडत जातात. नंतर आम्हीही तिथून निघालो.

२९ जून २०२४ ला हजारो लोक प्लाथा दे ला मेर्थेदमधून मोर्चाने निघाले. घोषणा होती, ‘मालागा जगण्यासाठी, नुसतं तगण्यासाठी नव्हे’. मीही चालले. परक्या माणसाने इथल्या मोर्चात जावं का, असा विचार आला होता, पण भाडं मीही इथेच भरते. त्यानंतर नगरपालिकेने शहराच्या बऱ्याच भागांत नव्या पर्यटक-घरांची नोंदणी थांबवली, आणि एप्रिल २०२५ पासून स्पेनभर नियम आला की इमारतीतल्या तीन-पंचमांश मालकांची संमती असल्याशिवाय तिथे नवं पर्यटक-घर सुरू करता येणार नाही. चांगले नियम आहेत. पण आजी गेली ती गेलीच.

म्हणून मला पन्हाळ्याबद्दल वाटतं ते स्पष्ट लिहिते. पन्हाळ्याकडे जे आहे, ते अल्काथाबाने १९३३ मध्ये घालवलं: गडावर राहणारी, गडाला आपलं म्हणणारी माणसं. तिथे नगरपरिषद आहे, शाळा आहे, अंधार बावीजवळून सायकल मारत जाणारी पोरं आहेत, तबक उद्यानापाशी झुणका-भाकर करणाऱ्या बायका आहेत. अंबरखान्याच्या गार सावलीत आम्ही भावंडं लपाछपी खेळलो, आणि आत हाक मारली की घुमायची, तेव्हा मामी बाहेरून ओरडायची, “महाराजांचं कोठार हाय ते, भिंतीवर काय लिहू नगासा!” अशी राखण पगारावर ठेवलेल्या माणसाकडून होत नाही.

आता घराची दुरुस्तीही अडेल अशी मामाला भीती वाटते ती उगाच नाही, पण तिचं मूळ पॅरिसमध्ये नाही. पन्हाळा आधीपासूनच केंद्राच्या संरक्षणाखालचं स्मारक आहे, आणि २०१० मध्ये कायद्यात झालेल्या बदलानुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. युनेस्कोची पाटी लागली म्हणून भारतात नवा कायदा आपोआप लागू होत नाही. जुनाच कायदा आता अधिक डोळ्यांत तेल घालून पाहिला जाईल, एवढं खरं. मग तो राहणाऱ्यांना समजेल असा करायला काय हरकत आहे? छपराला कुठली कौलं चालतील, भिंत किती उंच, रंग कुठला, हे मराठीत एका कागदावर लिहून गडावरच मिळालं पाहिजे. किरकोळ दुरुस्तीच्या अर्जाला किती दिवसांत उत्तर येणार, ते ठरलं पाहिजे. आणि गडावर पाहुणे ठेवायचे असतील तर ते तिथल्या राहत्या घरांनीच ठेवावेत, बाहेरून घरं विकत घेऊन किल्लीच्या पेट्या लावणाऱ्यांनी नव्हे. हा शेवटचा नियम आत्ताच करायला हवा. मालागात नियम आले ते घरं गेल्यावर.

याच शहरातली एक जुनी गोष्ट मी मामाला फोनवर सांगितली. १८५१ मध्ये मालागाच्या वेशीवर मजुरांना जमिनीत एक मोठा कांस्य पत्रा सापडला, सम्राट दोमितियानच्या काळातला, पहिल्या शतकाच्या अखेरचा. त्यावर या नगराचा कायदा कोरलेला आहे. मूळ पत्रा आता माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यातलं बासष्टावं कलम असं: नगरातली इमारत कुणी पाडू नये किंवा तिचं छप्पर उतरवू नये. वर्षाच्या आत ती पुन्हा पूर्ववत उभी करणार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर नगरसभेच्या बहुमताने परवानगी घ्यावी. मोडणाऱ्याने त्या इमारतीच्या किमतीएवढी रक्कम नगराला भरावी.

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे छप्पर उतरवून वर्षाच्या आत परत घातलं तर चालायचं?”

“दोन हजार वर्षांपूर्वी मालागात चाललं असतं, मामा.”

“मग पन्हाळ्यावर कुणाला तरी वाचून दाखीव ते.”

त्याने अर्ज दिला आहे. तो पावसाळा त्यांनी मागच्या खोलीवर प्लास्टिकचा कागद टाकून काढला. मामेभावाने परवा फोटो पाठवलाय: परड्यात, फणसाच्या बुंध्याला टेकवून रचलेली मातीची लाल कौलं, आणि त्यांच्यावर बसलेलं मांजर. खाली लिहिलंय, ‘ताई, साडेतीनशे हायेत. मोजून ठेवलीत.’