न मागता केलेली दुरुस्ती

कट्ट्यावर त्या संध्याकाळी वाद सुरू झाला तो एका शोकसंदेशावरून. आमच्यातील जीवशास्त्र शिकवणाऱ्या ताईंनी एका सहकाऱ्याला वडिलांच्या निधनाबद्दल दोन ओळी पाठवल्या होत्या आणि फोनने दिवंगतांचे आडनाव परस्पर बदलून त्या जागी त्याच्याशी मिळताजुळता दिसणारा एक सामान्य शब्द बसवला होता. ताईंनी लगेच क्षमा मागितली, समोरच्याने समजूनही घेतले, तरी त्यांच्या मनातून ते जात नव्हते. “शब्द फोनने बदलला, पण संदेशाखाली नाव माझे होते,” असे त्या म्हणाल्या आणि पुढचे सगळे बोलणे या एका वाक्याभोवती फिरत राहिले.

कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकीलसाहेबांना हा विषयच मान्य नव्हता. महिनोन्महिने पगार न मिळालेली माणसे ज्यांच्याकडे रोज येतात, त्यांना फोनने शब्द बदलल्याची तक्रार किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. अशा बारीकसारीक त्रासांची चर्चा करत बसल्याने मोठ्या अन्यायांकडे दुर्लक्ष होते, असे त्यांचे ठाम मत होते. मला ते तेव्हाही पटले नाही. त्रास लहान आहे की मोठा, हे तो एकदा झाला की रोज होतो आणि एकाला होतो की लाखोंना, यावरही ठरते.

संगणकप्रणाली लिहिणाऱ्या आमच्या अभियंता मित्राने फोनची बाजू घेतली आणि ती अभ्यासपूर्वक मांडली. आयबीएममध्ये काम करणाऱ्या फ्रेडरिक डॅमेराव यांनी 1964 मध्ये दाखवून दिले होते की, शब्दांतील सुमारे 80 टक्के चुका अवघ्या चार प्रकारांत बसतात: एक अक्षर गळते, एक जास्तीचे पडते, एकाच्या जागी दुसरे येते किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होते. पुढच्याच वर्षी व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी दोन शब्दांमधले अंतर मोजण्याची गणिती रीत मांडली आणि चुकलेल्या शब्दाच्या सर्वांत जवळचा शब्द शोधणे यंत्राच्या आवाक्यात आले. मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये 1993 च्या सुमारास ही दुरुस्ती आपोआप होऊ लागली. तिचे श्रेय डीन हाचामोविच यांना दिले जाते. कळफलक काचेवर आला तेव्हा तर तिच्यावाचून चालण्यासारखे नव्हते, कारण बोटाचे टोक त्या चित्रातल्या कळीपेक्षा मोठे असते. 2007 च्या आयफोनमध्ये पुढे येण्याची शक्यता जास्त असलेल्या अक्षराची स्पर्शाची जागा, डोळ्यांना दिसू न देता, मोठी केली जात असे. “बरोबर झालेली दुरुस्ती तुम्हाला दिसतच नाही, चुकलेली तेवढी दिसते, म्हणून तुमचा हिशेब एकतर्फी आहे,” असे तो ताईंना म्हणाला. हा मुद्दा खरा होता आणि कोणी तो नाकारलाही नाही.

त्याला उत्तर दिले ते काकांनी. काकांचे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले आहे. त्यांनी आधी एक जुने उदाहरण सांगितले. शुद्धलेखन तपासणाऱ्या काही संगणकप्रणालींच्या कोशात सहकार्य या अर्थाचा इंग्रजी शब्द फक्त मधल्या संयोगरेषेसह होता. तो रेषेशिवाय लिहिला की ते त्याऐवजी कॅलिफोर्नियातील कूपरटिनो या गावाचे नाव सुचवत आणि कोणी न पाहता ते स्वीकारले की वाक्यात सहकार्याच्या जागी गाव येई. युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या काही दस्तऐवजांत हे गाव असेच शिरले आणि या प्रकाराला त्या गावाचे नाव कायमचे चिकटले. पण काकांना केवळ उदाहरण द्यायचे नव्हते. मुद्रितशोधकाला अक्षरजुळणीची उघड चूक दिसली तर तो ती दुरुस्त करतो. पण लेखकाला तोच शब्द अभिप्रेत असेल अशी थोडी जरी शंका आली, तरी तो मजकुराला हात लावत नाही, समासात प्रश्नचिन्ह करतो आणि मुद्रित लेखकाकडे परत पाठवतो. विशेषनामांच्या बाबतीत तर हा नियम मोडणारा माणूस छापखान्यात टिकत नसे, असे काका म्हणाले. त्यांच्या मते फोनचा दोष चुकण्यात नव्हता. शंका असतानाही न विचारता बदलण्यात आणि बदलल्याची खूण न ठेवण्यात होता.

संपूर्ण संध्याकाळीतले हे मला सर्वांत मोलाचे बोलणे वाटले. सुचवणे आणि बदलणे या दोन कृतींमधला फरक आपण रोजच्या वापरात विसरून जातो.

अभियंता मात्र मागे हटला नाही. प्रत्येक संशयास्पद शब्दाला फोन थांबून विचारू लागला तर एक संदेश पुरा होणार नाही, असे तो म्हणाला. तुर्की, फिनिश किंवा मराठीसारख्या ज्या भाषांत प्रत्यय शब्दाला जोडून येतात, तिथे एकाच नामाची इतकी रूपे होतात की कोशात सगळी सापडणे अशक्य आहे आणि त्यामुळे यंत्राला पुष्कळसे अंदाजानेच चालावे लागते. त्यावर ताईंनी त्यांच्या स्वतःच्या क्षेत्रातली हकिगत सांगितली आणि वादाचे वळण बदलले.

मानवी जनुकांच्या एका गटाचे नाव सेप्टिन आहे. त्यातील जनुकांची संक्षिप्त नावे ‘सेप्ट’ आणि पुढे आकडा अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ‘सेप्ट 2’ हे जनुक जोडून लिहिले की तो ते 2 सप्टेंबर ही तारीख समजून बदलत असे; ‘मार्च 1’ या जनुकाचेही तसेच. हा घोटाळा 2004 मध्येच एका शोधनिबंधातून जाहीर झाला होता. 2016 मध्ये झालेल्या पाहणीत असे आढळले की, ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत नावे बिघडलेली होती. अखेर 2020 मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलली. ‘सेप्ट 1’चे ‘सेप्टिन 1’ झाले, ‘मार्च 1’च्या इंग्रजी अक्षरांत एका ‘एफ’ची भर पडली आणि अशी 27 जनुके नव्याने नामांकित झाली. हा आपोआप होणारा बदल बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये सर्वांसाठी आली ती 2023 मध्ये. “माणसाच्या जनुकांची नावे बदलणे सोपे ठरले, तक्त्याची सवय बदलणे सोपे ठरले नाही,” असे ताई म्हणाल्या, तेव्हा त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढणे योग्यच होते. सॉफ्टवेअर बनवताना एकदा घेतलेला निर्णय निस्तरण्याचे काम शेकडो प्रयोगशाळांतील माणसांवर वर्षानुवर्षे पडत राहिले.

अभियंत्याने इथे प्रामाणिकपणे आपल्याच पेशातले एक उदाहरण जोडले. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदला आणि त्यात चिन्हे, आकडे, मोठी अक्षरे घाला, हा जगभरच्या कार्यालयांतील छळ मुख्यतः अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी 2003 मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून पसरला. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि पुढे जातात, त्यामुळे सुरक्षितता वाढत नाही, हे कळून चुकल्यावर 2017 मध्ये त्या संस्थेने कारणाशिवाय पासवर्ड बदलायला लावू नये असे सांगितले आणि बर यांनीही त्या शिफारशींबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तरीही कित्येक कार्यालयांत तो नियम अजून चालू आहे, कारण नियम करणाऱ्याला आणि चालू ठेवणाऱ्याला त्याची झळ बसत नाही.

आतापर्यंत गप्प बसलेला आमचा एक मित्र यावर बोलू लागला. तो एका कार्यालयाचा स्वागतकक्ष सांभाळतो. काही महिन्यांपूर्वी त्याच्या हातात नवे पत्र पडले आणि त्याच कामासाठी, जवळजवळ त्याच पगारात, तो ‘व्यवस्थापक’ झाला. त्याच्या हाताखाली कोणी नाही. रजा मंजूर करण्याचा किंवा एक रुपया खर्च करण्याचा अधिकार त्याला नाही. फरक एवढाच पडला की, कामाची वेळ संपल्यावर तो उठला की व्यवस्थापकाने घड्याळ पाहू नये, असे त्याला ऐकवले जाते. नातेवाइकांनी अभिनंदन केले, म्हणून त्याला तक्रारही करता येत नव्हती. ज्या नावाने मान वाढल्यासारखा दिसतो, त्याच नावाने त्याची संध्याकाळ काढून घेतली होती.

वकीलसाहेब सावरून बसले. किरकोळ विषय म्हणून तासभर जे अलिप्तपणे ऐकत होते, ते आता स्वतः तपशील देऊ लागले. अमेरिकेत 1938 च्या कामगार कायद्यानुसार आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त काम केल्यास दीडपट मोबदला द्यावा लागतो. मात्र ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेले आणि व्यवस्थापनाचे काम करणारे कर्मचारी त्यातून वगळलेले आहेत. 2004 पासून 2019 अखेरपर्यंत ही मर्यादा आठवड्याला 455 डॉलर होती. लॉरेन कोहेन, उमित गुरुन आणि बुगरा ओझेल या अभ्यासकांनी 2023 च्या आरंभी मांडलेल्या शोधनिबंधात दाखवले की, पगार या रेषेच्या किंचित वर गेला की व्यवस्थापकीय पदनामे एकदम 485 टक्क्यांनी वाढतात. स्वागतकक्षातील मदतनिसाला तिथे ‘डायरेक्टर ऑफ फर्स्ट इम्प्रेशन’ म्हटलेले आढळते. अशा नामकरणामुळे बुडणारा जादा कामाचा मोबदला वर्षाला सुमारे 4 अब्ज डॉलर असावा, असा त्यांचा अंदाज आहे. नुसत्या पदनामाने कोणी कायद्यातून वगळला जात नाही, प्रत्यक्ष काम पाहावे लागते, असे तिथल्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. पण ते सिद्ध करण्यासाठी कर्मचाऱ्याला भांडावे लागते आणि बहुतेक जण भांडत नाहीत.

“म्हणजे हेही न विचारता केलेले बदलणेच आहे आणि खाली नाव मात्र याचे आहे,” असे काका म्हणाले. वकीलसाहेबांनी ते मान्य केले.

नोकरीच्या जाहिरातींतील ‘निन्जा’, ‘रॉकस्टार’ अशा शब्दांवरही थोडे बोलणे झाले. काम काय आहे हे त्यांतून कळत नाही, यावर सगळ्यांचे एकमत होते. ताईंनी 2011 च्या एका अभ्यासाची आठवण दिली. वर्चस्व आणि स्पर्धा सुचवणारी, पुरुषी मानली जाणारी शब्दयोजना जाहिरातीत जास्त असली की स्त्रियांना ती नोकरी कमी आकर्षक वाटते, असे त्यात दिसून आले होते.

मग पदनामांना कायद्याचे संरक्षणच द्यावे, अशी सूचना वकीलसाहेबांनी केली. अभियंत्याचा याला कडाडून विरोध होता. अमेरिकेतील ओरेगन राज्यात मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या, विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या गृहस्थांनी चौकातल्या पिवळ्या दिव्याचा अवधी कमी पडतो, हे गणिताने मांडले आणि राज्याच्या मंडळाला पत्र लिहिताना स्वतःला अभियंता म्हटले. परवाना नसताना अभियांत्रिकी केल्याबद्दल मंडळाने त्यांना 500 डॉलर दंड केला. 2018 च्या अखेरीस न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर एका बरोबर प्रश्नाला एका नावाखाली दाबून ठेवले गेले होते. पदनामाला कुंपण घातले की ते कुंपण कोणाविरुद्ध वापरले जाईल, याची खात्री देता येत नाही, हे अभियंत्याचे म्हणणे मला पूर्ण पटले. मात्र पूल बांधणाऱ्याच्या किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या बाबतीत मी कुंपणाच्याच बाजूने आहे. तिथे खोट्या नावाची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते.

फोनच्या बाबतीत अभियंत्याने शेवटी एक गोष्ट कबूल केली. 2023 पासून आयफोनवर आपोआप बदललेल्या शब्दाखाली थोडा वेळ रेघ दिसते आणि त्यावर बोट ठेवले की मूळ शब्द परत आणता येतो. काका समासात जी खूण मागत होते, ती देणे अशक्य नव्हते. ती फक्त उशिरा दिली गेली. पत्त्यांच्या यादीतील आणि संभाषणात आधी येऊन गेलेल्या नावांना यंत्राने मुळीच हात लावू नये, ही ताईंची मागणी त्याला रास्त वाटली.

स्वागतकक्षातील मित्रासाठी अशी रेघ कुठेच नव्हती. वकीलसाहेबांनी त्याला सुचवले की, त्याने कार्यालयाला लेखी विचारावे: माझ्या हाताखाली किती माणसे आहेत, कोणते निर्णय मी घेऊ शकतो, कामाच्या वेळेची मर्यादा मला लागू आहे की नाही आणि नसल्यास त्याचा मोबदला काय. कायदे देशोदेशी वेगळे असले तरी अनेक ठिकाणी पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते आणि तेव्हा हे उत्तर, किंवा उत्तर न मिळणेही, कामी येते. अभियंत्याला वाटत होते की असे पत्र दिले की संबंध बिघडतील, म्हणून आधी तोंडी बोलावे. तोंडी बोललेल्याची खूण राहत नाही, असे काका म्हणाले. मित्राने दोघांचेही ऐकून घेतले आणि पत्राचा मसुदा करून द्यायला वकीलसाहेबांना सांगितले; तो द्यायचा की नाही, हे तो स्वतः ठरवणार आहे.