शक्यता नाकारता येत नाही

"गुप्तचर खात्यात जायचंय, तयारी कशी करू?" महिन्यातून दोन-तीन वेळा तरी असा मेसेज येतो. आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते, त्यामुळे मला आतली वाट माहीत असणार असा लोकांचा समज. मी उलट विचारते, "गुंतागुंतीचा विषय एका पानात लिहिता येतो का?" पुढे बहुतेक वेळा शांतता.

चेष्टा नाही करत. वेष बदलून माहिती काढणारे असतात, नाही असं नाही. पण आलेल्या माहितीच्या ढिगातून अर्थ लावणारे वेगळे. त्यांना विश्लेषक म्हणतात आणि त्यांचा दिवस टेबलाशी जातो. परक्या भाषेतली वर्तमानपत्रं, भाषणं, उपग्रहाचे फोटो, चोरून ऐकलेल्या संभाषणांचे तुकडे, आणि यातलं एक दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. त्यातून एक पान काढायचं, ज्याला उद्या निर्णय घ्यायचाय त्याच्यासाठी.

आणि त्या पानावर घात करतात ते शब्द. आपल्या बातम्यांतलं लाडकं वाक्य घ्या: "हल्ल्याची शक्यता नाकारता येत नाही." वर्गात एकदा हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर टक्केवारी लिहायला सांगितली. सगळ्यात कमी आकडा 5, सगळ्यात जास्त 70. वाक्य तेच, फळाही तोच.

हे अमेरिकेत 1951 सालीच घडून गेलंय. येल विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक शर्मन केंट तेव्हा सीआयएमध्ये होता. सोव्हिएत गट त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला करील याची "गंभीर शक्यता" धरावी, असं त्यांच्या अहवालात होतं. परराष्ट्र खात्याच्या धोरण विभागाच्या प्रमुखाने गप्पांच्या ओघात विचारलं, म्हणजे नक्की किती? केंट म्हणाला, माझ्या मते 65-35, हल्ला होण्याच्या बाजूने. समोरचा चमकलाच, त्याच्या लोकांनी बरंच कमी धरलं होतं. मग केंटने आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. अहवाल सगळ्यांनी मिळून मंजूर केलेला, तरी कुणाच्या मनात 20-80, कुणाच्या 80-20! पुढे 1964 मध्ये त्याने शब्दांना आकडेच नेमून दिले. "बहुधा" म्हणजे साधारण 75 टक्के, थोडं इकडेतिकडे. खात्यातल्या अनेकांना ही आकडेमोड पटली नाही, ते वेगळं.

इथपर्यंत ऐकून मुलं खूश होतात, आता सूत्र मिळालं म्हणून. मग मी क्यूबा काढते. 19 सप्टेंबर 1962 च्या अंदाजात याच केंटच्या कार्यालयाने लिहिलं, की सोव्हिएत संघ तिथे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवील असं वाटत नाही. महिनाही झाला नव्हता, 14 ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-2 या हेरगिरी विमानाने त्यांचेच फोटो काढून आणले. गंमत म्हणजे सीआयएचे प्रमुख मॅकोन यांना आधीपासून संशय होता आणि ते फ्रान्समधून, स्वतःच्या मधुचंद्रावरून, तारा पाठवत होते. केंटचा नंतरचा बचाव साधारण असा: आमचा तर्क ठीक होता, चूक सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने केली. मला हा बचाव हास्यास्पद वाटतो आणि थोडा खराही.

बरोबर ठरणाऱ्याचं तरी काय होतं? ऑक्टोबर 1973 च्या पहिल्या दिवसांत इस्रायली लष्कराच्या दक्षिण विभागातला गुप्तचर अधिकारी, लेफ्टनंट बेंजामिन सिमान-तोव, दोनदा लिहून देतो, की इजिप्तचा सराव हा युद्धाचा बुरखा आहे. वरिष्ठ ते पुढे पाठवत नाहीत, कारण मुख्यालयाचं मत ठरलेलं: सरावच आहे. 6 ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं.

म्हणून या करिअरबद्दल माझं मत जरा कडू आहे. भाषा शिका, एखादा प्रदेश दहा वर्षं धरून बसा, हे सगळे सांगतातच. पण ज्याला चारचौघांत "मी चुकलो" म्हणता येत नाही, किंवा साहेबांचा चेहरा पाहून ज्याचे आकडे बदलतात, त्याने या वाटेला जाऊच नये. धोरणाच्या बाजूला बसलात तर मोह वेगळा: निर्णय आधी घ्यायचा आणि अहवाल त्याला जुळणारा मागवायचा. विश्लेषकाने काय घडेल ते सांगावं, काय करावं ते सांगू नये, हा जुना दंडक त्यासाठीच. पण खोलीत मंत्री थेट विचारतो, "मग करू काय?" तेव्हा तो पाळणं महाकठीण.

त्या दिवशी तास संपताना मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, तुमची चिठ्ठी?"

मी लिहिलीच नव्हती.